पंपाला किती?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन तासभर उभं राहावं. काही घ्यायचं नसलं तरी चालतं. निम्मी गर्दी तशीच उभी असते. आत येणारा गडी औषधाची बाटली हातात घेतो, उलटीसुलटी करतो, किंमत वाचून तोंड कडू करतो आणि एकच प्रश्न टाकतो, "पंपाला किती?"

दुकानदार मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, "तीस."

व्यवहार संपला. तीस म्हणजे तीस मिली हे सांगायचं नसतं, आणि पंप कुठला हे विचारायचं नसतं. विचारणाऱ्याच्या माळ्यावर आजोबांचा पितळी पंप असेल, गोठ्यात सोळा लिटरचा पाठीवरचा असेल, नाहीतर भाच्यानं नुकताच आणलेला वीस लिटरचा बॅटरीवाला असेल. तीस ते तीसच. १९५६ साली कायदा करून या देशानं शेर, मण, रत्तल मोडीत काढायला घेतले, तेव्हा दिल्लीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल की शेतकरी आपलं स्वतःचं नवं माप काढून बसणार आहे. बाटलीवर एकरी मात्रा छापलेली असते, किती पाण्यात कालवायची तेही असतं. पण इतक्या बारीक अक्षरांत, की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ती पानाच्या शिरेवर बसलेल्या माव्याची रांग वाटावी.

बरं, तीस मिली मोजायचं कशानं? टोपणानं. कंपनी बदलली की टोपण बदलतं, हा भाग वेगळा. ज्याच्या हाताला टोपण काठोकाठ भरायची सवय आहे त्याचं तीस चाळिसाच्या घरात जातं. वर "किडा लई झालाय" म्हणून अर्धं टोपण वाढीव. शिवाय एवढं पाणी पाठीवर घेऊन रानात जायचंच आहे तर नुसतं औषध कशाला, म्हणून टॉनिक. टॉनिक हा आमच्याकडं स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क, सिक्स बीए, एकोणीस-एकोणीस-एकोणीस अशी नावं सातवी नापास माणूस ज्या सफाईनं घेतो, ती ऐकून रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं रजा टाकावी. हे सगळं पानाला चिकटून राहावं म्हणून त्यात स्टिकर. स्टिकर संपला असेल तर शाम्पूची पुडी. घरातली पोरगी न्हायला बसल्यावर पुडी शोधत राहते आणि त्याच वेळी रानातली वांगी शाम्पू लावून उन्हात वाळत असतात.

आता खुद्द पंपाकडं वळू. पाठीवरच्या हातपंपाची रचना कुणा शहाण्या माणसानं केलेली आहे. डाव्या हातात दांडा, उजव्या हातात नळी, नळीच्या टोकाला नोझल, आणि टाकीच्या पोटात दट्ट्या व हवेची एक कोठी. दांडा खाली-वर केला की पाणी झटक्याझटक्यानं येणार. पण मध्ये ही कोठी असते. तिच्यातली हवा दाबली जाते आणि मग ती हवा पाण्याला संथपणे पुढं ढकलत राहते. माणसाच्या हाताची धुसफूस पिकापर्यंत पोचू नये, एवढ्यासाठी ही सोय. फक्त एक अट आहे: दांडा एका लयीत हलत राहिला पाहिजे आणि पाय एका चालीनं पडले पाहिजेत.

ही अट साडेसहा वाजता पाळली जाते. पावणेसातला बांधावर कोणीतरी येतं.

"काय मर्दा, पंप मारतोयस व्हय?" असा प्रश्न येतो. पाठीवर पंप, हातात नळी आणि पुढं फवारा उडत असलेल्या माणसाला विचारायचा हा प्रश्न नव्हे, पण बोलणं सुरू तर व्हायला हवं. मग डावा हात थांबतो. उजवा हात थांबत नाही, पाय थांबत नाहीत आणि जीभ तर नाहीच नाही. कोठीतली हवा जाईल तेवढा वेळ फवारा जातो, नंतर नोझलमधून नुसती लाळ गळते. पुढं पंधरा दिवसांनी कीड परत दिसली, की ती कुठल्या सरीत आहे त्यावरून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा विषय कुठं निघाला होता आणि साखर कारखान्याच्या बिलाचा कुठं, हे बरोबर सांगता येतं.

बॅटरी पंपानं हा दोष काढला. बटण दाबा, दाब सारखा. गप्पा मारा, भांडा, फोन घ्या, फवारा चालूच. मात्र आता गप्पा मारताना पाय थांबतात, त्यामुळं पूर्वी ज्या जागी औषध कमी पडायचं तिथंच आता अंघोळ घातली जाते. शिवाय रात्री चार्जिंगला लावायची बॅटरी थोरल्यानं लावली असेल असं धाकटा समजतो आणि धाकट्यानं लावली असेल असं थोरला. रानाच्या मध्यावर ती मान टाकते.

याखेरीज पेट्रोलवर चालणारा पंप आहे. त्याला सगळे 'पेट्रोल पंप'च म्हणतात. "पेट्रोल पंप पाठीवर घेऊन गेलाय" हे वाक्य ऐकून पुण्याचे पाहुणे दचकतात. आणि एचटीपी म्हणजे जोरदार दाबाचा, लांब पाइपचा पंप आहे, ज्याला माणसं तीन लागतात: एक बंदूक धरायला, एक पाइप ओढायला आणि एक बांधावर उभं राहून दोघांना शिव्या घालायला. तिसरा बहुधा मालक असतो.

हातपंपाचा वायसर गेला की टाकी झिरपते आणि सगळं पाठीवर येतं. जिल्ह्यात औषध खऱ्या अर्थानं एकसारखं कुठं बसत असेल, तर ते फवारणाऱ्याच्या सदऱ्यावर.

हसून सोडून द्यावं असं मात्र हे प्रकरण नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं दगावली. शेकडो दवाखान्यात गेली. पीक डोक्याएवढं वाढलेलं, औषधांची मिश्रणं, अंगावर येणारा बारीक फवारा, तोंडाला फडकं नाही. त्यातले बरेचसे दुसऱ्याच्या रानात रोजानं गेलेले होते. आमच्याकडंही हातमोजे औषधाबरोबर फुकट मिळाले तर ते म्हशीची धार काढणाऱ्या बाईला भांडी घासायला दिले जातात, आणि नोझल तुंबलं की अजूनही कुणीतरी ते ओठात धरून फुंकतं. हे बघितलं की विनोद घशात अडकतो.

नोझलचं एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं गणित. थेंबाचा व्यास निम्मा केला की एका थेंबाचे आठ थेंब होतात. पाणी तेवढंच, औषध तेवढंच, पण एका जागी बसण्याऐवजी आठ जागी बसतं. फार बारीक केले तर वाऱ्यावर निघून जातात, फार मोठे केले तर पानावरून घरंगळतात. हा सगळा तोल एका मिलिमीटरभर छिद्रावर अवलंबून. कीडनाशकाला पोकळ शंकूचं नोझल, ज्यात फिरकीची चकती पाण्याला गरगर फिरवते आणि फवारा मधून रिकामा, कडेनं गोल असा पडतो, पानांच्या गर्दीत सगळीकडून शिरतो. तणनाशकाला सपाट पट्ट्याचं, म्हणजे जमिनीवर पट्टा सरळ पडावा. नव्या पंपाबरोबर अशी तीन-चार नोझलं पिशवीत घालून देतात. ती पिशवी घरी येताच एका जुन्या डब्यात जाते. तिथं सायकलचे छर्रे, कुलपाविना किल्ल्या आणि मागच्या पंपाची नोझलं आधीच नांदत असतात. पंपाला पहिल्या दिवशी जे नोझल बसलं, ते त्याच्याबरोबरच भंगारात जाणार.

मध्ये ते तुंबतं. मग बाभळीचा काटा. काटा मोडला की दाभण. दाभणानं छिद्र मोठं होतं, पाणी जास्त जातं आणि मालक खूश होतो, "आता कसा सणसणीत चाललाय!" पुस्तकात लिहिलंय की नव्यापेक्षा दहा टक्के जास्त पाणी जायला लागलं की नोझल बदलावं. पुस्तक लिहिणाऱ्याला कोल्हापूर माहीत नसावं. बाबूराव पेंटरांनी विलायती कॅमेरा बघून इथंच स्वतःचा कॅमेरा घडवला, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. तेव्हापासून कुठलीही वस्तू तयार विकत घेणं या गावाला थोडं कमीपणाचं वाटतं. उद्यमनगरात लेथवाल्याला नमुना दाखवला की तो तसाच भाग करून देतो, वर "कंपनीपेक्षा जाड केलंय" असंही सांगतो. इंजिनाच्या बाबतीत जाड हे चांगलंच असतं. नोझलच्या बाबतीत काय असतं, ते पिकाला विचारावं.

मुळात आमच्या माणसाला फवारा बारीक नकोच असतो. त्याला चिंब हवं असतं. पान न्हाऊन निघालं, टोकावरून थेंब टपकला, खालची माती ओली झाली, की पैसे वसूल. वास्तविक थेंब टपकायला लागला म्हणजे पानानं हात वर केले; आता पुढचं औषध मातीला. पण हे पटवणं अवघड आहे. सगळ्या रानावर वर-खाली, आत-बाहेर, कुणालाही न वगळता एकसारखा थर देण्याचं काम या जिल्ह्यात आजवर एकट्या पंचगंगेला जमलं आहे, तेही २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये, आणि त्याबद्दल कुणी तिचे आभार मानलेले नाहीत.

रान एकसारखं न्हाऊ न निघण्याचं आणखी एक कारण आहे, आणि त्याचा पंपाशी काही संबंध नाही. कागलकडं, शिरोळकडं, हातकणंगल्याकडं कुठंही जा, रस्त्याकडेच्या चार सऱ्या बघा. हिरव्यागार, तणाचा पत्ता नाही, पानं तकतकीत. मग थोडं आत शिरून बघा. आतला ऊस सावत्र आईकडं वाढलाय हे लगेच कळतं. कारण पंप रस्त्याकडेनं सुरू होतो. तिथं अंगात जोर असतो, टाकी भरलेली असते, आणि मुख्य म्हणजे जाणारे-येणारे बघत असतात. एस.टी.तून मेव्हणा गेला तर त्यानं घरी जाऊन सांगितलं पाहिजे, "दाजींचा ऊस बघिटला, नाद न्हाई!" मध्यभागी पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असतं आणि मेव्हणा तिथून दिसत नाही.

पण याला नावं ठेवण्यापूर्वी फ्रान्समधली एक हकिकत ऐकायला हवी. बोर्दोजवळच्या मेदोक भागात १८८२ साली मिलार्दे नावाचे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक द्राक्षबागांमधून चालले होते. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगानं त्या वर्षी बागा झोडपल्या होत्या, पानं गळून गेली होती. मात्र वाटेच्या कडेच्या वेली हिरव्या. चौकशी केल्यावर कळलं की वाटसरू द्राक्षं तोडून खातात म्हणून बागवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडतात. निळसर पांढरे डाग बघून चोराला वाटावं, विष आहे. आणि खाल्लंच तर तोंड वाकडं व्हावं. शिंपडायची पद्धत काय, तर एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात काटक्यांचा छोटा झाडू. प्राध्यापकमजकुरांनी यावर प्रयोग करून १८८५ मध्ये ते जाहीर केलं, आणि जगाला बोर्डो मिश्रण मिळालं. मग झाडूनं भागेना म्हणून व्हर्मोरेल नावाच्या फ्रेंच कारखानदारानं तांब्याचा पाठीवरचा पंप बाजारात आणला. म्हणजे ज्याच्या पट्ट्यांनी आज आमच्या खांद्यांना घट्टे पडतात, त्या पंपाच्या मुळाशी शेतकऱ्याचा रस्त्याकडेनं जाणाऱ्या माणसावरचा अविश्वास आहे. मेदोकवाल्यानं बघणाऱ्यानं खाऊ नये म्हणून फवारलं, आमचा माणूस बघणाऱ्यानं जळावं म्हणून फवारतो. एवढंच.

तासगाव-मिरजेकडं बोर्डो अजून ठणठणीत आहे. शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र. नीट जमलं का हे बघायला त्यात लोखंडी विळा बुडवतात. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडला. इतकी सोपी, बिनखर्चाची, चूक न होणारी परीक्षा शेतीत दुसरी नसेल, म्हणून ती बहुतेक वेळा वगळली जाते.

आणि आमच्या निपाणीच्या तंबाखूला का विसरा? माव्यावर तंबाखूचा अर्क मारायची रीत जुनी आहे. निकोटिननं मावा मरतो. माणूस तोच माल गालात धरून पंप मारत असतो. त्याला सवय झालेली.

वाऱ्याचं मात्र काही खरं नाही. तण मारायला उसात टू-फोर-डी फवारतात. ऊस गवताच्या जातीचा, त्याला काही होत नाही. रुंद पानाचं जे असेल ते वाकडंतिकडं होऊन मरतं. यात बांधापलीकडचा टोमॅटो येतो, वांगी येतात, द्राक्षवेल तर आधी येते. "माझ्या रानात मी कायबी मारीन," असं एक भाऊ म्हणतो. "मार की, पन वारं तुझ्या सात-बाऱ्यावर हाय व्हय?" दुसरा विचारतो. प्रकरण तंटामुक्ती समितीपुढं जातं. तिथं वाऱ्याची दिशा काय होती यावर साक्षी होतात, आणि साक्षीदार ज्या गटाचे असतील त्या गटाच्या बाजूनं वारा वाहतो. तोच पंप नीट न धुता पुढच्या आठवड्यात स्वतःच्या भाजीवर नेणारे महाभागही आहेत. त्यांना भांडायला दुसरा भाऊ लागत नाही.

पंपाचा खरा माज उतरला तो लोकरी माव्यानं. २००२ च्या पावसाळ्यात तो सांगली जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता कोल्हापूर, सातारा, सोलापूर करत कर्नाटकात गेला. उसाच्या पानाखाली कापूस पिंजून ठेवलेला, वर काळा बुरशीचा थर. पुरुषभर उंचीच्या दाट उसात पंप घेऊन शिरायचं कसं? पानाच्या खालच्या बाजूला नोझल पोचवायचं कसं? आत गेलेला माणूस पांढरा होऊन बाहेर यायचा आणि मावा होता तिथंच असायचा. शेवटी कामाला आले ते डिफा आणि मायक्रोमस नावाचे दोन मित्रकीटक. त्यांच्या अळ्या असलेली पानं तोडून आणायची, आपल्या उसात ठेवायची, घरी जाऊन झोपायचं. एकही पान न वगळता, निवडणुकीवर न बोलता, रस्त्याकडेला जास्त आणि मध्ये कमी असा भेद न करता त्यांनी रान साफ केलं. त्यांना रोज द्यावा लागला नाही आणि दुपारी चहासुद्धा नाही. दुकानदारांना हे कीटक फारसे आवडले नाहीत, ते समजण्यासारखं आहे.

औषध एकसारखं लागलंय याची खात्री देणारं माणसाच्या हातातलं एकच साधन मी पाहिलं आहे, आणि ते म्हणजे प्लॅस्टिकचा मग. तासगावकडच्या बागेत घडांना जिब्रेलिक द्यायचं असतं तेव्हा बायका मगात द्रावण घेऊन एकेक घड त्यात बुडवतात आणि हलकेच बाहेर काढतात. ब्लोअर आले, थेंबाला वीजभार देऊन पानाकडं खेचून नेणारी इलेक्ट्रोस्टॅटिक यंत्रं आली, त्यांच्या किमतीत मोटारगाडी येते. तरी मगाचा हिशेब पक्का. बुडवला म्हणजे बुडवला. या बायका हजारो घड बुडवतात आणि गप्पाही मारतात, पण हात थांबत नाही. पुरुषांकडं पंप आणि बायकांकडं मग ही वाटणी कुणी केली कोण जाणे, पण उलट करून बघायला हरकत नव्हती.

सरकारच्या मनात ते आलं असावं. १५ ऑगस्ट २०२३ ला लाल किल्ल्यावरून पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची घोषणा झाली. आता आमच्याकडंही प्रशिक्षण घेतलेल्या मुली ड्रोन घेऊन रानात येतात. ड्रोन यायचा म्हणजे गावाला जत्रा. पोरं झाडावर, म्हातारी माणसं बांधावर, मोबाइल सगळ्यांचे वर. उसाच्या शेंड्यावरून ते यंत्र सरळ रेषेत जातं, वळतं, परत येतं. खालच्या वाऱ्यानं पानं उलटीपालटी होतात. दहा मिनिटांच्या आत एकर संपतं. त्याला रस्ता कुठं आहे ते ठाऊक नाही आणि मेव्हणा तर नाहीच.

"पोरी, एकराला पानी किती घेतलंस?" एक आबा विचारतात.

"दहा लिटर, आबा."

आबांच्या चेहऱ्यावरचे भाव वर्णन करण्यापलीकडचे. हयातभर त्यांनी एकराला दोनशे लिटर पाणी पाठीवरून वाहिलेलं. "दहा लिटरात माझं त्वांड धुऊन व्हत न्हाई."

"औषध एकराचं जेवढं तेवढंच हाय, आबा. पानी कमी. थेंब बारीक असतोय न्हवं?"

आबा सरीच्या तोंडाशी जाऊन पान हातात धरतात, बोटानं चोळतात, वास घेतात. टपकत तर काहीच नाही. मुलगी समजावून सांगते, टिपकागदासारखा एक पिवळा कागदही दाखवते, त्यावर थेंबांचे सारखे निळे ठिपके पडलेले. सगळे माना डोलावतात. आबाही डोलावतात. पोरीला चहा पाजतात, पैसे चुकते करतात, ड्रोनबरोबर फोटो काढून घेतात.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आबा पाठीला हातपंप लावून रस्त्याकडेच्या सरीत उभे. सोळा लिटर पाणी, त्यात टॉनिक, त्यात शाम्पूची पुडी. दूध घालायला डेअरीकडं निघालेला पोरगा गाडी थांबवतो.

"आबा, काल ड्रोननं झालं न्हवं सगळं?"

"झालं की," आबा दांडा मारत म्हणतात. "ती सरकारची झाली. आता आपली."